घरचा संगणक आणि त्याची गाऱ्हाणी



संगणकावर बोलायला इंजिनियर सोडून युनियनचा कार्यकर्ता का उभा केला, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे शिकलो ते कामगारांच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके वाचून आणि चुका करून शिकलो. संगणकही तसाच शिकलो. तेव्हा मी आज शास्त्र सांगणार नाही. घरच्या संगणकाने दगा दिला तर काय करावे, एवढेच सांगणार आहे.

हा विषय मला का महत्त्वाचा वाटतो ते आधी सांगतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांचे गाऱ्हाणे मांडले, तेव्हा पाच हजारांवर सह्या कागदावर घेतल्या होत्या. आज कामगाराचे गाऱ्हाणे बहुधा कागदावरून जात नाही. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी २०२१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली ती संगणकाच्या मार्गानेच. भविष्य निर्वाह निधीचा दावा, बांधकाम कामगाराची नोंदणी, मुलांची शिष्यवृत्ती, सातबाराचा उतारा, सारे त्याच वाटेने जाते. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या चैत्राच्या सुमारास गावी परततात आणि हाती असलेल्या थोड्या दिवसांत ही सारी कामे उरकतात. अशा वेळी चौसाळ्यातल्या एखाद्या घरचा संगणक अडून बसला, तर तो नुसता यंत्राचा बिघाड राहत नाही. त्यात कोणाची तरी मजुरी बुडते.

आमच्याकडे कामगार तक्रार घेऊन आला की आम्ही तीन प्रश्न विचारतो. हे केव्हापासून? त्याआधी काय बदलले? आणि हे तुमच्या एकट्याचे की सगळ्यांचे? या तीन प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली की निम्मे भांडण तिथेच सुटते. संगणकालाही हेच तीन प्रश्न लागू पडतात. इंटरनेट बंद आहे? मग घरातल्या मोबाइललाही तेच वाय-फाय चालत नाही का, ते पाहा. सगळ्यांचेच बंद असेल तर दोष राउटरचा किंवा बाहेरच्या तारेचा. संगणक खोलून काही मिळायचे नाही. फक्त एकच संकेतस्थळ उघडत नसेल तर दोष बहुधा तिकडचा. आणि उपाय करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी व ती वहीत लिहून ठेवावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर बरे कशाने झाले तेही कळत नाही आणि बिघडले कशाने तेही कळत नाही.

आता एक अनुभव सांगतो. भविष्य निर्वाह निधीच्या दाव्यासाठी एक वयस्कर कामगार आमच्या कचेरीत तीनदा आले. तिन्ही वेळा संगणकाने ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ अशी पाटी दाखवली आणि पान उघडले नाही. आम्ही सरकारला नावे ठेवली, इंटरनेटवाल्याला ठेवली. तिसऱ्या दिवशी माझे लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात गेले. तिथली तारीख कित्येक वर्षांपूर्वीची होती! संगणकाच्या मदरबोर्डवर रुपयाएवढा एक सेल असतो. वीज नसताना घड्याळ तो चालू ठेवतो. तो संपला की यंत्र जुन्याच कुठल्या तरी तारखेला जाऊन बसते. सुरक्षित संकेतस्थळाच्या दाखल्याला ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. आमच्या संगणकाच्या मते तो दाखला अजून जन्मालाच आला नव्हता, मग तो ग्राह्य कसा धरणार? विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेते हे खरे, पण फरक फार मोठा असला तर ते आपोआप होईलच असे नाही. तारीख हाताने दुरुस्त केली, पान उघडले, दावा गेला. पुढे सेल बदलला. त्या गृहस्थांची मात्र तीन दिवसांची मजुरी गेली होती. दोष ना सरकारचा होता ना त्यांचा. आम्ही घड्याळाकडे पाहिले नाही, हा आमचा दोष होता.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे संगणक सुरूच होत नाही. येथे बाहेरून आत यावे. बटण, प्लग, एक्स्टेन्शन, यूपीएस, मग यंत्राच्या मागची वायर. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा असेल तर संगणक मेलेला नाही. पडद्याची वायर सैल असेल किंवा आतली मेमरीची पट्टी हलली असेल. वीज पूर्ण तोडून ती पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवल्याने पुष्कळ संगणक उठून उभे राहिले आहेत. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, मग चार्जर लावून पाहावे. पण वीजपुरवठ्याची लोखंडी पेटी घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात काही काळ विजेचा साठा राहतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

‘थोडा वेळ चालतो आणि आपोआप बंद पडतो,’ ही तक्रार आपल्याकडे उन्हाळ्यात हमखास येते. त्याचे कारण बहुधा धूळ. हमरस्त्याची आणि शेताची धूळ पंख्यात बसते, बाहेर पारा चाळिशीवर असतो, आतली उष्णता निघत नाही. प्रोसेसर तापला की आधी स्वतःची गती कमी करतो आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद करतो. भर उन्हात माणूसही हेच करतो. वर्षातून दोनदा, वीज तोडून, मऊ ब्रशने धूळ काढावी आणि यंत्राची मागची बाजू भिंतीला चिकटवू नये.

संगणक मंद चालतो, याची कारणे तीन: डिस्क भरलेली, मेमरी अपुरी किंवा न बोलावलेले पाहुणे फार. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. कोण किती मेमरी खातो आणि डिस्क कोणी अडवून धरली आहे, हे तिथे हजेरीपटासारखे दिसते. यंत्र सुरू होताच आपोआप उठणाऱ्या प्रोग्रॅमांची यादीही तिथेच असते. नको असलेले बंद करावेत. आणखी एक बारीक गोष्ट. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर यंत्र पुष्कळदा पूर्ण झोपत नाही. पुढच्या वेळी लवकर उठावे म्हणून विंडोजचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर ठेवून देते. त्यामुळे जुना गुंता दुसऱ्या दिवशीही तसाच उठतो. गुंता सोडवायचा असेल तर ‘रीस्टार्ट’ करावे. त्याने सारे नव्याने सुरू होते.

निळा पडदा आला की लोक घाबरतात. पण तो पडदा म्हणजे यंत्राने दिलेली लेखी नोटीस आहे. तिच्यावरचे शब्द मोबाइलने टिपून ठेवा, पुढे तोच पुरावा होतो. मग दुसरा प्रश्न विचारा: कालपासून काय बदलले? नवा प्रिंटर जोडला, नवा प्रोग्रॅम घातला की अपडेट आले? शिफ्ट कळ धरून ‘रीस्टार्ट’ केल्यास दुरुस्तीचा पडदा येतो. तिथून ‘सेफ मोड’मध्ये जाऊन नव्याने घातलेले काढता येते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. आणि त्यावरचा उपाय पुष्कळ ठिकाणी हाच होता: एकेक यंत्र सेफ मोडमध्ये उघडून ती सदोष फाइल काढणे. मोठमोठ्या कंपन्यांना जे करावे लागले ते आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

मराठीचे एक खास गाऱ्हाणे आहे. जुनी फाइल उघडावी तर अक्षरांऐवजी इंग्रजी वर्णांचा कचरा दिसतो आणि लोक म्हणतात, ‘व्हायरस लागला.’ तसे नसते. पूर्वीच्या मराठी टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले होते. तो टंक या संगणकावर नसला की मूळ वर्ण उघडे पडतात. फाइल शाबूत असते. ती पुसू नका. तो टंक बसवा, मग मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे ते कोणत्याही यंत्रावर वाचता येते. कळफलक मध्येच मराठी सोडून इंग्रजी लिहू लागला, तर विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलावी.

आता बिघाड नव्हे, पण बिघाडाचे सोंग सांगतो. पडदा भरून लाल पाटी येते, भोंगा वाजतो आणि लिहिलेले असते, ‘तुमचा संगणक धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा.’ आमच्या एका सभासदाच्या मुलाने तो फोन केला. पलीकडच्याने गोड बोलून एक प्रोग्रॅम बसवायला लावला, यंत्राचा ताबा घेतला आणि खात्यातले पैसे गेले. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, एवढे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाने पाठ करावे. पाटी हटत नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. तेही जमले नाही तर बटण दाबून धरून यंत्र बंद करा. पैसे गेलेच तर लाजू नका, ताबडतोब १९३० या नंबरवर तक्रार करा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

अपडेट वेळखाऊ म्हणून ते बंद करून ठेवण्याची पद्धतही घातक आहे. २०१७ च्या जूनमध्ये जगभर पसरलेल्या एका घातक प्रोग्रॅमने न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. त्याने वापरलेल्या एका भगदाडाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये देऊन ठेवली होती. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तो संगणक दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, पण नवी भगदाडे बुजवण्याची सोय मुदतवाढीची नोंदणी केल्याशिवाय मिळत नाही, आणि तीही मर्यादित काळापुरतीच. ज्या यंत्रावर विंडोज ११ बसत नाही, त्यावर निदान बँकेचे व्यवहार तरी करू नयेत.

शेवटची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती सांगताना मला अजून जड जाते. टोळीतल्या प्रत्येक कोयत्याची उचल, वाहिलेले टन आणि कापलेली रक्कम आम्ही वहीतून संगणकावर घेतली. मला मोठा अभिमान वाटला. एके दिवशी डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला. चालतोय तोवर चालू दे, म्हणून मी दोन आठवडे दुर्लक्ष केले. मग डिस्क गेली आणि तिच्याबरोबर दोन हंगामांचा हिशोब गेला. मुकादमापुढे बसलो तेव्हा आमच्याजवळ आकडा नव्हता, त्याच्याजवळ होता. अकरा कोयत्यांना त्याचा आकडा मान्य करावा लागला. त्यातल्या एका बाईने मला एवढेच विचारले, ‘भाऊ, वही का टाकली?’ मला उत्तर देता आले नाही.

म्हणून सांगतो, डिस्कमधून टकटक ऐकू आली की दुसरे काही करू नका. प्रथम कामाच्या फाइल बाहेर उतरवून घ्या. त्या आधीच बाहेर असतील तर अधिक चांगले. महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर आणि एक या घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली मजुरी. बाकी सारे बिघाड पैशाने किंवा वेळेने दुरुस्त होतात. सेल बदलता येतो, डिस्क नवी आणता येते, विंडोज पुन्हा बसवता येते. गेलेला हिशोब मात्र कोणताही कारागीर खात्रीने परत देऊ शकत नाही.

आमच्या कचेरीत आता संगणकाशेजारी ती जुनी वही पुन्हा ठेवली आहे. दर शनिवारी दोन्हींतले आकडे ताडून पाहतो. आपणही आज घरी गेल्यावर एकच काम करावे, अशी माझी विनंती आहे. जी फाइल गेली तर आपल्या घराचे नुकसान होईल, तिची दुसरी प्रत निजण्यापूर्वी काढून ठेवावी.