मासे हवेत? आधी तलावात रोवणी करा

भंडारा-गोंदिया म्हणजे तलावांचे जिल्हे. कोहळी समाजातल्या जाणत्यांनी गोंड राजवटीत बांधलेले हे तलाव आज सरकारदरबारी माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचं पोट त्यांच्यावर चालतं.

उत्पादन वाढवायचं म्हणून या तलावांत कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडायची रीत पडली. पण हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणजे दरवर्षी बीज विकत घेणं आलं. पाठोपाठ गवत्या आणि सायप्रिनस हे परदेशी मासे आले. गवत्या पाणवनस्पती फस्त करतो, सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो. गढूळ पाण्यात ऊन खाली पोचत नाही, मग उरलीसुरली वनस्पतीही मरते. काठावर बेशरमीची झुडपं माजतात ती वेगळीच.

यात मेले ते मरळ, मागूर, शिंगी यांसारखे गावठी मासे. मरळीचंच बघा. नर-मादी वनस्पतींच्या दाटीत थोडी जागा मोकळी करतात, तिथे अंडी तरंगत राहतात. पिल्लं बाहेर पडली की त्यांचा लालसर घोळका पृष्ठभागाशी फिरतो आणि आईबाप खालून राखण करतात. दाटीच नसेल तर संसार मांडायचा कुठे?

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांच्यासोबतचे ढिवर स्त्री-पुरुष नेमकी हीच दाटी परत आणत आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या जांभळीचा नवतलाव अशा तलावांपैकी एक. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बेशरम मुळासकट उपटायची. खोडाचा तुकडा राहिला तरी तो पुन्हा फुटतो. मग घट्ट झालेला तळ नांगरायचा. पावसाचं पाणी भरू लागलं की चांगल्या तलावातून आणलेल्या हायड्रिला, व्हॅलिसनेरियासारख्या वनस्पती बाया गुडघाभर पाण्यात उभ्या राहून लावतात, अगदी धानाच्या रोवणीसारख्या. कुठली वनस्पती कुठल्या माशाला खाद्य आणि कुठली अंड्यांना आसरा, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. विचारायला मात्र कुणी येत नव्हतं.

मत्स्यबीजासाठी सरकार अनुदान देतं. बेशरम काढायला आणि पाणवनस्पती लावायलाही ते मिळायला हवं. आणि गवत्या-सायप्रिनसचं बीज मामा तलावांत सोडणं आता थांबवावं.