लॉमध्ये स्पेशलायझेशन निवडताय? हे वाचा
बारावीनंतरचा पाच वर्षांचा लॉ करणाऱ्यांनो, आधी टेन्शन कमी करा. सनद सगळ्यांना एकच मिळते. कॉर्पोरेटचे पेपर घेतले म्हणून फौजदारी वकिली बंद होत नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ऐच्छिक पेपरांचे गट आहेत: संविधान, व्यापार, गुन्हेशास्त्र, बौद्धिक संपदा वगैरे. त्यातला शेतीविषयक कायद्यांचा गट मात्र फार दुर्लक्षित राहतो असं मला वाटतं. सातबारावरची एक चुकीची फेरफार नोंद मंडळ अधिकाऱ्यापासून प्रांतांपर्यंत माणसाला वर्षानुवर्षं फिरवते, आणि १९६६ चा जमीन महसूल कायदा कोळून प्यायलेला वकील तालुक्याला शोधावा लागतो! फॉर्म भरण्याआधी सुट्टीत काही दिवस कोर्टात, तहसीलमध्ये सुनावण्या ऐका. आणि तुम्ही निवडणार असलेला विषय कॉलेजात कोण शिकवतं, हे सीनियर्सना नक्की विचारा.