मिठीकाठचा शरद

मुंबईत धारावीला लागून, मिठी नदीच्या काठावर असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान जेमतेम 37 एकरांचे. या जागेवर पूर्वी शहराचा कचरा टाकला जाई. 1983 मध्ये थोर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी इथे रोप लावले आणि 1994 मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. शोभेचे ताटवे आणि कातरलेली हिरवळ यांच्या मागे न लागता दाट झाडी वाढू दिली गेली. हा निर्णय किती मोलाचा होता, ते शरदात कळते. कावळे, साळुंक्या, बुलबुल बारमाही असतात. दूरदेशीचा पाहुणा मात्र अन्न आणि आडोसा असेल तिथेच उतरतो.

मुंबईत पहिली वर्दी करडा धोबी देतो. हिमालयात वीण आटोपून तो पाऊस पुरता ओसरण्याआधीच, सप्टेंबरात, ओल्या वाटांवर शेपटी खालीवर हलवत फिरू लागतो. मागोमाग हिरवट पर्ण वटवट्या येतो. चिमणीहूनही लहान असलेला हा पक्षी पानांच्या रंगात असा मिसळतो की त्याची दुपदरी किलबिल आधी ऐकू येते आणि पक्षी बऱ्याच वेळाने दिसतो.

ऑक्टोबरात लाल छातीचा माशीमार दाखल होतो. पूर्व युरोप ते सायबेरिया हे त्याचे विणीचे प्रदेश. सावलीतल्या खालच्या फांदीवर बसून तो शेपटी झटक्यात वर उचलतो, बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे चमकतात. मग जमिनीवर झेप, एक किडा, आणि पुन्हा फांदी. नराच्या गळ्यावरचा नारिंगी डाग दिसायला उजेड सोयीचा लागतो. पावसाळ्याने वाढवलेले किडे संपण्याआधीचे हे दिवस वटवटे आणि माशीमार यांच्या सुगीचे.

याच सुमारास नवरंग दक्षिणेकडे निघतो. तो रात्री उडतो; शहराच्या दिव्यांनी गांगरून, थकून कुठल्याही बागेत उतरतो आणि पाचोळा उलटून किडे वेचतो.

महाराष्ट्रात 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिनांना जोडणारा. त्या आठवड्यात शहरातल्या प्रत्येक बागेने निदान एक कोपरा न झाडता ठेवावा. नवरंगाला तेवढा पाचोळा पुरतो.