नैराश्य, एकाकीपण आणि मदत

उदासी की आजार? दुःख दिवसागणिक ओसरते. नैराश्यात बहुतेक वेळ मन खिन्न असते, आवडत्या गोष्टीतही रस उरत नाही, झोप-भूक बिघडते, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते. हे २ आठवडे टिकले, तर तपासून घ्यावे.

एकाकीपण : भरल्या घरातही येते. नैराश्यात माणूस फोन उचलत नाही, लग्नकार्य टाळतो. संपर्क तुटला की आजार बळावतो. अशा वागण्याला आळस किंवा माणूसघाणेपणा समजले जाते, आणि उपचार लांबतात.

कोणाकडे जावे?
• फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात चालते. थायरॉईड किंवा बी-१२च्या कमतरतेनेही अशीच लक्षणे दिसतात.
• मनोविकारतज्ज्ञ वैद्यकीय डॉक्टर असतात, औषधे देतात. मानसशास्त्रज्ञ संवादातून उपचार करतात.

गोळ्या : गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, कधी जास्त. नैराश्याच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत. बरे वाटले तरी मनाने बंद करू नयेत.

थांबू नये : जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे. टेलिमानस (सरकारी हेल्पलाइन) : १४४१६. ऑक्टोबर २०२२पासून सुरू. २४ तास, मोफत, मराठीतही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा (२०१७) : आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिच्यावर उपचार करणे सरकारचे कर्तव्य.

सरकारी मनोरुग्णालये : महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, गोव्यात बांबोळी.