तीन तारांची जोडणी

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सावनेर मागे पडलं की लोधीखेडा लागतं आणि पुढे सौसर. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि हा मुलूख त्यात गेला. संत्रा, कापूस आणि मँगनीज ही ओळख मात्र जुनीच. अशा मालाची गाडी धर्मकाट्यावर चढली की खालच्या लोडसेलनी मोजलेलं वजन इंडिकेटरवर उमटतं आणि तिथून कॉम्प्युटरमध्ये जाऊन पावती निघते. या दोन यंत्रांच्या मध्ये अनेक ठिकाणी आजही एक साधी सिरीयल केबल असते. जुनाट म्हणून तिला मोडीत काढायची घाई होते. माझ्या मते अशा कामाला तिच्याइतकी योग्य जोडणी दुसरी नाही, कारण तिच्यातला बिघाड तिथल्या तिथे, तिथल्याच माणसाला शोधता येतो.

ही केबल ज्या आरएस-२३२ मानकावर चालते ते अमेरिकेत १९६० साली ठरलं. एका टोकाला टर्मिनल आणि दुसऱ्या टोकाला टेलिफोन लाइनवरचा मोडेम, अशी त्यामागची कल्पना होती. टर्मिनल ज्या पिनेवरून पाठवतं त्याच नंबरच्या पिनेवर मोडेम ऐकतो, म्हणून तारा सरळ जातात. दोन कॉम्प्युटर थेट जोडले की दोघेही एकाच पिनेवरून बोलतात आणि ऐकायला कोणीच उरत नाही. त्यावर उपाय तारा उलटवण्याचा: नऊ पिनांच्या कनेक्टरवर इकडची ३ तिकडच्या २ ला, इकडची २ तिकडच्या ३ ला, आणि ग्राउंडची ५ सरळ ५ ला. मधला मोडेम काढून टाकला म्हणून ही ‘नल मोडेम’ केबल. समोरचं यंत्र तयार असल्याची खूण मागणारं सॉफ्टवेअर असेल तर ७ आणि ८ याही उलटवाव्या लागतात, आणि ४ ची तार पलीकडच्या ६ व १ वर न्यावी लागते. काट्याला सहसा तीन तारा पुरतात.

इंडिकेटरची २ नंबरची पिन पाठवणारी की घेणारी, हे मॉडेलगणिक बदलू शकतं. ते मल्टिमीटर सांगतो. काळी प्रोब ५ वर ठेवायची, लाल आधी २ वर आणि मग ३ वर. यंत्र गप्प असतानाही जिथे उणे ३ ते उणे १५ व्होल्टमधला आकडा दिसतो ती पाठवणारी पिन. जिथे शून्याच्या आसपास दिसतं ती घेणारी. पडद्यावर वजनाऐवजी भलतीच चिन्हं आली तर आधी दोन्ही यंत्रांचा बॉड रेट, म्हणजे अक्षरं पाठवण्याचा वेग, जुळवून पाहायचा. काहीच आलं नाही तर तारा तपासायच्या. सुटलेला कथलाचा डाग बहुधा डोळ्यांनाही दिसतो.

नव्या लॅपटॉपला असा पोर्टच नसतो, हा आक्षेप खरा आहे. यूएसबी कन्व्हर्टर लावला तरी तो दुसऱ्या खोबणीत घातल्यावर कॉम पोर्टचा नंबर बदलू शकतो आणि सॉफ्टवेअरला वजन मिळेनासं होतं. पण ती अडचण कन्व्हर्टरची आहे, तारेची नाही. वेग कमी असल्याची तक्रार इथे लागूच होत नाही: वजनाचा आकडा जेमतेम दहा-बारा अक्षरांचा, आणि ९६०० बॉडला सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं जातात. विजेचा मुद्दा मात्र गंभीर आहे. लांब केबल पावसाळ्यात वीज जवळपास पडली की दोन्ही टोकांचे पोर्ट जाळू शकते, आणि दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर ग्राउंडच्या तारेतून नको तो प्रवाह वाहतो. म्हणून ही केबल पंधरा मीटरच्या आत, एकाच खोलीत ठेवावी. काटा दूर असेल तर १,२०० मीटरपर्यंत चालणारी आरएस-४८५ वापरावी, आणि मध्ये दोन्ही बाजूंचा विजेचा थेट संबंध तोडणारा ऑप्टो-आयसोलेटर घालावा.

सगळ्यांत वजनदार आक्षेप शेतकऱ्याच्या हिताचा आहे. या तारेतून जाणाऱ्या आकड्यावर सही-शिक्का नसतो. मध्येच कोणी खोटा आकडा घुसवला तर कॉम्प्युटरला कळत नाही. हे मान्यच करायला हवं. पण नुसती यूएसबी किंवा वायफाय लावूनही आकडा आपोआप खरा ठरत नाही. वैधमापन खात्याची तपासणी आणि मोहोर काट्यावर होते, कॉम्प्युटर त्याचा फक्त लेखनिक. म्हणून इंडिकेटरचा पडदा गाडीवाल्याला खिडकीतून स्पष्ट दिसेल असाच बसवावा, पावती हातात पडताच दोन्ही आकडे ताडून पाहता यावेत, आणि त्या केबलच्या कोणत्या पिनेवर कोणत्या रंगाची तार आहे ते मराठी-हिंदीत लिहून खोलीतच चिकटवलेलं असावं.