पोरक्या मुलांची वाट : सातपुड्यातला दुष्काळ, परदेशी देणगी आणि हरवलेली गावं

"छप्पनच्या सालात पोरं मिशनवाल्यांनी नेली." सौंसर-पांढुर्ण्याकडच्या जुन्या माणसांशी दुष्काळाचा विषय काढला की हे वाक्य कधी ना कधी कानावर येतं. छप्पन म्हणजे विक्रम संवत १९५६, म्हणजेच १८९९-१९००. कोणी नेली, कुठे नेली, त्यासाठी पैसा कुठून आला, हे विचारलं की गोष्ट तिथेच थांबते. मी पेशाने स्थापत्य अभियंता. रस्ते आणि पुलांच्या कामात उमर गेली, त्यामुळे जुन्या गोष्टीकडेही माझी नजर नकाशावरून आणि हिशेबातून जाते. या टिपणात तसाच प्रयत्न आहे.

आधी जागा पाहू. आपले सौंसर आणि पांढुर्णा आज पांढुर्णा जिल्ह्यात आहेत. हा जिल्हा ५ ऑक्टोबर २०२३ पासूनचा. त्या काळी हा सगळा मुलूख मध्यप्रांतातल्या छिंदवाडा जिल्ह्याचा, बोली मराठी आणि बाजार नागपूरचा. मध्यप्रांतावर चार वर्षांत दोन दुष्काळ कोसळले, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. पहिल्याचा सर्वांत मोठा तडाखा जबलपूर, सागर, दमोह आणि नर्मदेच्या खोऱ्याला बसला. १९०१ च्या शिरगणतीत मध्यप्रांताच्या ब्रिटिश जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी घटलेली निघाली. एरवी दहा वर्षांत माणसं वाढतात, हे लक्षात घेतलं तर या आकड्याचं वजन कळेल.

सरकारी मदतीची पद्धत ठरलेली होती. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रत्येक प्रांतासाठी दुष्काळ संहिता तयार झाली. अंगात ताकद असेल त्याने खडी फोडायची, तलाव खणायचे, रस्ते बांधायचे. ज्यांना काम झेपत नाही त्यांना घरपोच धान्य किंवा गरीबखाना. आई-बाप गेलेली किंवा चुकलेली मुलं या गरीबखान्यांत जमत. दुष्काळ सरला की मोठी माणसं गावी परतत आणि ज्यांना घ्यायला कोणी आलं नाही ती मुलं मागे उरत. ती कुणाच्या तरी हवाली करणं सरकारला भागच होतं.

आता नकाशा उघडा. १८९७ साली सौंसरला रेल्वे नव्हती, पांढुर्ण्यालाही नव्हती. छिंदवाड्याकडे जायचं तर सिलेवानीचा घाट चढायचा, नाहीतर बैलगाडीने नागपूर गाठायचं. उलट नर्मदेच्या खोऱ्यात इटारसी-जबलपूर मार्ग १८७० पासून चालू होता. दौंड-मनमाड फाटा १८७८ ला झाला होता. म्हणजे सोहागपूरसारख्या स्टेशनावर गाडीत बसवलेलं मूल इटारसी, खंडवा, भुसावळ, मनमाड, दौंड असं करत थेट पुणे जिल्ह्यात उतरू शकत होतं. पोरक्या मुलांची वाट बरीचशी रुळांनी ठरवली. ज्या गावाजवळ स्टेशन, तिथली मुलं लांब गेली. घाटाखालची आणि घाटावरची मुलं जी काही गेली, ती जवळच्या ठाण्यावर किंवा नागपूरकडे.

लांब जाण्याचं सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचं. कोवळ्या वयात दुष्काळात त्यांनी स्वतः आई-वडील गमावले होते. १८९७ च्या सुरुवातीला त्या मध्यप्रांताच्या दुष्काळी भागात आल्या. गरीबखान्यांत एकट्या मुलींवर काय गुदरतं ते त्यांनी पाहिलं आणि लिहिलंही. तिथून सुमारे ३०० मुली आणि तरुण विधवा त्यांनी आपल्या आश्रयाला घेतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, म्हणून या मुलींना केडगावच्या शेतावर हलवलं. तेच पुढचं मुक्ती सदन. छप्पनच्या दुष्काळात गुजरातेकडूनही मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. आपल्या सातपुड्यापलीकडच्या हिंदी बोलणाऱ्या मुली मराठी मुलखात वाढल्या त्या अशा.

आपल्या बाजूला दुसरी माणसं होती. छिंदवाड्यात आधी स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे जेम्स डॉसन होते. त्यांनी गोंडी भाषेवर केलेलं काम १८७० च्या सुमारास छापलं गेलं. पुढे तिथे स्वीडिश लोकांचं मिशन आलं. स्टॉकहोमच्या ज्या संस्थेचं हे मिशन, ती १८५६ ची. या दोन दुष्काळांत मध्यप्रांतातल्या त्यांच्या ठाण्यांवर पोरकी मुलं घेतली गेली. त्यातून उभ्या राहिलेल्या इव्हँजेलिकल लुथरन चर्चचं मुख्यालय आजही छिंदवाड्यातच आहे. नर्मदेकाठी होशंगाबाद-सोहागपूरला इंग्लंडचे क्वेकर होते. होशंगाबादजवळच्या रसुलियातल्या त्यांच्या जागेवरच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने १९७२ मध्ये किशोर भारतीच्या जोडीने शाळांसाठीचा प्रसिद्ध विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला.

पैसा कुठून आला? बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने १८८७ मध्ये दहा वर्षांच्या बोलीवर मदत कबूल केली होती, पण ती उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी. दुष्काळातल्या मुलींचा खर्च त्यात बसत नव्हता. तो भागला इंग्लंड-अमेरिकेतल्या धार्मिक मासिकांच्या वाचकांकडून, रविवारच्या शाळांकडून, शिवणमंडळातल्या बायकांकडून आलेल्या छोट्या छोट्या रकमांवर. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' साप्ताहिकाने तर वर्गणी गोळा केली आणि १९०० च्या मे महिन्यात 'क्विटो' नावाच्या आगबोटीतून मका मुंबईकडे रवाना केला. (आज मक्यासाठी ओळखला जाणारा आपला छिंदवाडा तेव्हा मका घेणाऱ्या प्रांतात होता, ही गंमतच.)

अमेरिकन मिशनांच्या आवाहनांत एक रक्कम पुन्हा पुन्हा दिसते : एका मुलाला वर्षाला पंधरा-वीस डॉलर. त्या काळी डॉलरला साधारण तीन रुपये पडत. पंधरा डॉलर म्हणजे ४५ रुपये, म्हणजे महिन्याला ३ रुपये १२ आणे. एकूण ६० आणे. आता दुसरी बाजू. दुष्काळी कामावरची मजुरी धान्याच्या भावाप्रमाणे ठरे आणि ढोबळमानाने दिवसाला एक ते दोन आणे पडे. दोन आण्यांनी तीस दिवसांचे होतात बरोबर ६० आणे. म्हणजे परदेशातून एका मुलाच्या नावाने येणारी रक्कम आणि खडी फोडणाऱ्या बापाची महिन्याची चांगल्यातली चांगली कमाई एकच होती.

हा हिशेब मांडून मला मिशनला दोष द्यायचा नाही. त्या ६० आण्यांत कपडा, औषध, शाळा, हातात एखादं कसब एवढं सगळं होतं, आणि ज्या मुलाला खरोखरच कोणी उरलं नव्हतं त्याच्यासाठी तो जीवनमरणाचा प्रश्न होता. पण दुष्काळात चुकलेलं प्रत्येक मूल अनाथ नसतं. कुणाचा मामा असतो, कुणाची आजी असते, फक्त खाऊ घालायला दाणा नसतो. तेवढीच रक्कम त्या आजीच्या दारात पोहोचली असती तर मूल गावातच राहिलं असतं. ती पोहोचवायची यंत्रणा तेव्हा नव्हती. बॉस्टनहून केडगावला पैसा येऊ शकत होता, सिलेवानीच्या घाटातल्या झोपडीपर्यंत नाही.

याच मुद्द्यावरून त्या वेळी वादही पेटला. मूल कुठल्या धर्माच्या संस्थेत वाढणार? आर्य समाजाच्या वतीने लाला लजपतराय यांनी १८९७ मध्ये याच मध्यप्रांतातून हिंदू मुलं पंजाबात नेली आणि पुढे १९०१ च्या दुष्काळ आयोगासमोर साक्ष दिली. महाराष्ट्रात पंढरपूरला प्रार्थना समाजाचं बालकाश्रम १८७५ पासून होतंच. मिशनच्या कामामुळे आपल्याकडच्या संस्था जाग्या झाल्या असं म्हणतात, त्यात तथ्य आहे. पण बारकाईने पाहा : पंजाबात गेलेलं मूलही गावाला दुरावलंच. धर्म राहिला, गाव सुटलं.

माझ्या मते सगळ्या गोष्टीचा गाभा इथे आहे. हिशेब नेहमी देणाऱ्याला दिला गेला. अहवाल बॉस्टनला गेले, लंडनला गेले, स्टॉकहोमला गेले. मुलाच्या गावाला कोणी अहवाल पाठवला नाही.

आज चित्र पुष्कळ बदललं आहे. बाल न्याय कायदा २०१५ सांगतो की मुलाची पहिली जागा कुटुंबात, संस्था हा शेवटचा उपाय. मिशन वात्सल्य योजनेत गरजू मुलाला घरी ठेवण्यासाठी महिन्याला ४००० रुपये मिळतात. परदेशी देणगीवरही नियम कडक झाले. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा प्रत्येक पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात उतरतो. कम्पॅशन इंटरनॅशनल ही मुलांना दत्तक-देणगी मिळवून देणारी मोठी अमेरिकन संस्था परवानगी न मिळाल्याने २०१७ मध्ये भारतातून बाहेर पडली, तेव्हा दीड लाखाच्या आसपास मुलांची मदत थांबली. म्हणजे दूरच्या दात्यावर उभी असलेली मदत दूरच्या निर्णयाने थांबूही शकते. १८९७ चा दाता मनात आलं की वर्गणी बंद करू शकत होता. धोका जुनाच आहे.

वाचकांपैकी कुणाच्या घरात अशी पणजी किंवा पणजोबा असतील, तर चार गोष्टी आत्ताच लिहून ठेवा : सांगण्यात आलेलं गावाचं नाव (चुकीच्या उच्चारासकट), जुनं नाव आणि मिशनमध्ये पडलेलं नाव, अंदाजे वय, आणि कुठल्या स्टेशनावरून गाडीत बसवलं ते. शेवटची गोष्ट लोक क्षुल्लक समजून सोडून देतात. पण वर पाहिलंच की रूळ मोजकेच होते. स्टेशन कळलं की आसपासची पंचवीस-तीस गावं उरतात, आणि तेवढ्या गावांत चौकशी करणं आपल्या मंडळाच्या आवाक्यातलं काम आहे.