एक वर्ष थांबावे का?

मुलगी बारावी पास होते. तिला डॉक्टर व्हायचे असते. पण प्रवेश मिळत नाही. ती म्हणते, "मी एक वर्ष थांबते. पुन्हा परीक्षा देते." लगेच चार लोक बोलतात, "आता कशाला शिकवता? लग्न उरकून टाका!"

मंडळी, घाई करू नका. आधी सारे समजून घ्या.

एम. बी. बी. एस. साठी नुसते बारावीचे गुण पुरत नाहीत. 'नीट' नावाची परीक्षा द्यावी लागते. साऱ्या देशाची परीक्षा एकच. ती ७२० गुणांची असते. उत्तर बरोबर आले तर ४ गुण मिळतात. चुकले तर १ गुण कापतात. २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुले या परीक्षेला बसली. जागा मात्र लाख-सव्वा लाख. म्हणजे हुशार मुलेही मागे राहतात. त्यात लाज कसली?

ही परीक्षा पुन्हा देता येते. वय वाढले म्हणून कोणी अडवत नाही. बारावीला ठरलेले गुण असले, की बारावी पुन्हा द्यावी लागत नाही.

मग थांबावे का? तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट गुणांची. गुण थोडे कमी पडले असतील, तर वर्ष कामी येईल. फारच कमी असतील, तर शिक्षकांचा सल्ला घ्या.

दुसरी गोष्ट वेळेची. पोरीला दिवसभर पाणी, गुरे आणि चूल यांत गुंतवाल, तर ती अभ्यास कधी करणार? पडीक रान नांगरले तर पुढे पीक येते. नुसते ठेवले तर तण माजते. वर्षाचेही तसेच आहे.

तिसरी गोष्ट पैशाची. क्लासची फी जबर असते. त्यासाठी शेत गहाण टाकू नका. प्रश्न अकरावी-बारावीच्या अभ्यासावरच असतात. जुनी पुस्तके आणि मागच्या प्रश्नपत्रिका मिळवा. रोज सोडवायला लावा.

आणखी एक. यंदाही जमले नाही तर काय, हे आजच ठरवा. नर्सिंग आहे, औषधशास्त्र आहे, बी. एस्सी. आहे. पुढे प्रवेश घेताना मधल्या वर्षाचा दाखला मागतात. तो करून ठेवा.

आणि मुलीला टोचून बोलू नका. अभ्यास तिने करायचा आहे. धीर आपण द्यायचा आहे.